आधी बसायची जागा शोध

ठाणे

प्रिय मनू,



काल रात्री ताईचा फोन आला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. तुम्ही ऑगस्टात फ्लोरिडाला डिस्नेवर्ल्डला निघालात म्हणे, आणि अजितने चारही दिवसांचं वेळापत्रक करून सगळ्यांना पाठवलंय. सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं आणि रात्री फटाके संपल्यावर बाहेर पडायचं. यात ओवीची झोप कुठे आहे, असं मी विचारलं तर ताई म्हणाली, "स्ट्रोलरमध्ये झोपेल की." पण तिचाही आवाज पडलेला होता. खोदून विचारलं तेव्हा मे महिन्यातली गोष्ट बाहेर आली. तुमच्या जवळच्या त्या पार्कात बँड सुरू झाल्यावर ओवी घाबरली, रडून रडून ओकली, आणि तरी तुम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच होतात. तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर आला होता. सगळ्यांनी खाली हसरे चेहरे टाकले. मी काही लिहिलं नाही. पण तिने कानांवर घट्ट धरलेले ते दोन हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मनू, अजून दोन वर्षांचीसुद्धा नाही ती. या वयाच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, दुपारची धरून. चार दिवस ती दुपार बुडवायची, वर ऑगस्टातलं फ्लोरिडाचं ऊन, वर रात्री डोक्यावर फुटणारे फटाके. तुम्ही दोघं शिकलेली माणसं आहात, हे तुम्हाला दिसत कसं नाही? तिकिटं महाग आहेत, हे मला माहीत आहे. एका माणसाचे एका दिवसाचे शंभरावर डॉलर जातात, मग मिनिट वाया घालवायला जीव होत नाही. पण तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीटच लागत नाही. ओवीचे वसूल करायचे असे पैसेच नाहीत गं. वसूल करायचेत ते तुम्हा दोघांचे, त्यासाठी तिला का राबवायचं?

तू म्हणशील, मावशीला ठाण्यात बसून काय कळतं. तर कळतं. तेजस ऑर्लँडोला होता तेव्हा मी त्याच्याकडे जाऊन राहायचे, आणि त्यांचे डिस्नेचे वार्षिक पास होते. तेजस आणि सूनबाई राइडवर गेले की नात माझ्याकडे असायची. त्या पार्कातल्या राइड मी फारशा पाहिल्या नाहीत. बसायच्या जागा मात्र सगळ्या पाहिल्यात. परवा तेजसला विचारून काय चालू आहे, काय बंद झालंय तेही नीट करून घेतलं. म्हणून सांगते ते ऐक.

मॅजिक किंगडम या पार्कात शिरलात की मेन स्ट्रीटने सरळ किल्ल्याकडे चालत जा. रस्ता संपतो तिथे डाव्या अंगाला क्रिस्टल पॅलेस नावाचं काचेच्या छताचं हॉटेल आहे, त्याच्या शेजारी बेबी केअर सेंटर. पहिली राइड करायच्या आधी तिथे जा. ओवीला दाखव, तूही बघून ठेव. आत गारवा असतो आणि बाहेरचा कल्लोळ दाराशीच थांबतो. अंगावर पाजायला मंद उजेडाची वेगळी खोली, त्यात झुलत्या खुर्च्या. लंगोट बदलायची टेबलं, मुलांच्या उंचीचं संडासाचं भांडं, उंच खुर्च्या, मायक्रोवेव्ह. एका खोलीत टीव्हीवर कार्टून चाललेलं असतं. पैसे काही पडत नाहीत. डायपर किंवा दुधाची पावडर संपली तर तिथे विकतही मिळते. आणि देव न करो, गर्दीत पोर हाताची सुटलीच, तर सापडलेली मुलं तिथेच आणून बसवतात. चारही पार्कांत असं एकेक सेंटर आहे. एपकॉटमध्ये ते ओडिसी नावाच्या इमारतीत आहे, बाकी दोन्हींकडे दारातल्या माणसाला विचार. अजितच्या वेळापत्रकात राइडच्या वेळा आहेत, या चार जागा त्यात नाहीत. त्या लाल शाईने घाल.

खाणं घरचं ने. बाहेरचं अन्न आत न्यायला तिथे मनाई नाही. काच चालत नाही, पण बाळाच्या खाण्याची छोटी बरणी चालते. सकाळी हॉटेलवर मऊ भात करून डब्यात घे, सेंटरमध्ये गरम कर. तिखट-खारट बटाट्यांवर दिवस काढायचं तिचं वय नाही. थंड पाणी मात्र उचलून नेऊ नकोस, खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात.

आता खेळायचं. दोन वर्षांच्या मुलाला खेळ म्हणजे काय असतं, हे मोठी माणसं विसरतात. एकच पायरी पुन्हा पुन्हा चढायची आणि उतरायची. पाण्यात बोट घालायचं. बदकामागे धावायचं. त्यासाठी रांग लावावी लागत नाही, कुणीतरी शेजारी बसून राहावं लागतं. मॅजिक किंगडममध्ये हाँटेड मॅन्शनकडून फँटसीलँडकडे जाताना रपुन्झेलचा मनोरा लागतो. तिथे सावली आहे, बसायला जागा आहे, वर कंदील टांगलेत, मोबाइल चार्ज करायची सोयसुद्धा आहे. आम्ही तिथे तासन् तास काढले. स्टोरीबुक सर्कसच्या बाजूला पाण्याच्या फवाऱ्यांची जागा आहे, केसी ज्युनिअरच्या आगगाडीची. मुलं भिजून खूष होतात. पण दुपारी तिथे मोठ्या मुलांची अशी झुंबड उडते की ओवीसारखी पायाखाली यायची. सकाळी लवकर ने, जादा कपडे घेऊन. डंबोच्या राइडजवळच्या तंबूत घसरगुंड्यांची जागा आहे. खूप जण तिची शिफारस करतील. तिथे गारवा आहे, शांतता नाही. तिला कान झाकायची सवय लागलेली असताना मी तिथे नेणार नाही.

जुन्या याद्यांवर विसंबू नकोस. टॉम सॉयरच्या बेटावर तराफ्याने जाऊन झाडांखाली बसता यायचं. ते 2025 च्या जुलैत कायमचं बंद झालं. अ‍ॅनिमल किंगडममधलं बोनयार्ड, जिथे वाळूत हाडं उकरायला मिळायची, तेही त्याच वर्षी गेलं. मला फार वाईट वाटलं. लहान मुलाला मोकळं सोडता येईल अशा जागा एकेक करून जातायत आणि त्यांच्या जागी नव्या राइड येतायत. म्हणून जाल त्या दिवशी सकाळी डिस्नेच्या अ‍ॅपवर बघूनच ठरव.

बसल्या बसल्या विसावा हवा असेल तर मॅजिक किंगडमच्याच टुमॉरोलँडमधली पीपलमूव्हर. दहाएक मिनिटं वरच्या वर संथ फिरवते, वारा लागतो, धक्के नाहीत. फक्त चढताना सरकत्या पट्ट्यावर पाय टाकावा लागतो, तेव्हा ओवीला कडेवर घे. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस चालू असेल तर तेही. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला तो खेळ आहे. अंधार, गारवा, बसायला खुर्ची आणि वीसेक मिनिटं. माझी नात तिथे हमखास झोपायची.

आणि एपकॉटला जाल त्या दिवशी अजितला म्हणावं, मावशीने सांगितलंय, दुपारचं जेवण झालं की ‘द सीज’. मत्स्यालय आहे. टाकी 57 लाख गॅलनची, तिच्यात कासवं, शार्क, रे मासे. राइड करायलाच हवी असं नाही. वरच्या मजल्यावर टाकीच्या मोठाल्या काचा आहेत, त्यांच्यापुढे जमिनीवर बैठक मारा. निळसर अंधुक उजेड असतो आणि मासे आपल्या गतीने जात-येत असतात. बाहेर रडून लाल झालेलं मूल तिथे पाच मिनिटांत गप्प झालेलं मी कितीदा पाहिलंय, आमचंही आणि परक्यांचंही. मॅनेटी नावाचा संथ जलचर असतो, तो बघताना तर मोठी माणसंही बोलायची थांबतात. त्या सगळ्या जगात मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन.

अ‍ॅनिमल किंगडम सकाळचं ठेव. तिथे वाघ दाखवणारी एक वाट आहे, महाराजा जंगल ट्रेक. आपल्याकडचे पडके राजवाडे बघून केल्यासारखी ती रचना आहे. गर्दी पुढे जाऊ द्या, तुम्ही मागे राहा.

ऊन मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. दुपारी ती झोपावी म्हणून स्ट्रोलरवर पांघरूण किंवा ओढणी टाकून अंधार करतात, ते अजिबात करायचं नाही. आत हवा कोंडते आणि बघता बघता तापते. बाहेरून मूल शांत झोपलंय असं वाटतं. उन्हाळ्यात तिथे दुपारी आभाळ भरून येतं, गडगडाट सुरू होतो, वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद करतात आणि सगळी गर्दी छपराखाली घुसते. त्या आधी तुम्ही हॉटेलवर परत गेलेले असा. मॅजिक किंगडमचं पार्किंग दाराशी नाही. गाडीपर्यंत यायचं तर मोनोरेल किंवा फेरीबोट. हा वेळ धरूनच निघा, म्हणजे ती दमून रडायला लागल्यावर निघायची पाळी येणार नाही. खोलीवर पडदे ओढा, तिला झोपू दे. उठली की संध्याकाळी पुन्हा जाता येईल. नाही जाता आलं तर नाही.

फटाक्यांचं तर मी आत्ताच सांगून ठेवते. किल्ल्यासमोर उभं राहून फटाके नकोत. आवाज अंगावर येतो आणि गर्दी इतकी असते की मूल रडलं तरी बाहेर पडायला वाट मिळत नाही. बघायचेच असतील तर आधी निघा, फेरीबोटीने पलीकडच्या काठावर या. तिथून तळ्यावर दिसतात, आवाज लांबून येतो. कान झाकायचे लहान मुलांचे हेडफोन मिळतात ते घे, आणि घरी आठवडाभर खेळता खेळता घालायची सवय लाव. तिथे पहिल्यांदा डोक्यावर चढवलेस तर ती काढून फेकेल.

तुम्हा दोघांना मोठ्या राइड बघायच्या असतील. बघा, जरूर बघा. तिथे रायडर स्विच म्हणून सोय आहे. राइडच्या दाराशी सांगायचं की बरोबर लहान मूल आहे. एकाने जाऊन यायचं, तोवर दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, मग दुसऱ्याला पूर्ण रांग न लावता सोडतात. थांबणारा दर वेळी तूच असू नकोस. अजित चांगला मुलगा आहे, त्याला सांगितलं की तो ऐकतो. सांगत नाहीस तूच.

मला एक म्हैसूरची सहल आठवते. एलटीसीवर गेलो होतो, सगळं घर. तेजस ओवीएवढा. वृंदावन गार्डन्समध्ये त्याला पाण्याचा एक छोटा पाट सापडला. पान टाकायचं, वाहत गेलं की टाळी वाजवायची आणि दुसरं शोधायला जायचं. माझ्या मनात आलं होतं की संध्याकाळपर्यंत इथेच बसावं. पण सासरे घड्याळ बघत होते, बस हॉर्न देत होती, आणि मी घरातली सगळ्यात धाकटी सून. त्या वेळी "मी थांबते" एवढे दोन शब्द बोलायची पद्धत नव्हती आमच्यात. रंगीत कारंजी बघायला सगळे गेलो आणि तो माझ्या खांद्यावर हुंदके देत झोपला. मग नोकरी, लोकल, त्याची शाळा. त्याच्या त्या वयाचा आवाजही आता मला आठवत नाही, मनू. फोटोत कारंजी आली, आवाज कशातच आला नाही. नातीजवळ त्या बाकांवर बसताना मी माझाही तो तास थोडा थोडा भरून काढत होते, असं आता वाटतं.

तुझ्यामागे बस हॉर्न देत नाही. तुम्ही तिघंच आहात. थांबावंसं वाटलं की थांब.

फार बोलले का? रागावले नाहीये गं. तो व्हिडिओ बघितल्यावर मला ओवीइतकीच तू दिसलीस. तिला कडेवर घेऊन उभी, केस विस्कटलेले, आणि सगळ्यांना बरं वाटावं म्हणून कॅमेऱ्याकडे बघून हसत होतीस. लहानपणी तुझ्या आईबरोबर आमच्याकडे यायचीस तेव्हाही दमलीस तरी सांगायची नाहीस, जेवता जेवता ताटावरच डोकं टेकायचं. तेव्हा तुला उचलून अंथरुणावर ठेवायला मी होते. एडिसनला तुझ्याजवळ कुणी नाही. डे-केअरहून घरी, घरून ऑफिसच्या कॉलवर, आणि आता ही सुट्टी, तीही वेळापत्रकाने. त्या सेंटरमधल्या झुलत्या खुर्चीत ओवी झोपली की लगेच उठू नकोस. अजितला एकट्याला फिरून येऊ दे. तूही डोळे मिट. तुझीसुद्धा सुट्टी आहे ती.

आणि तिथे गेल्यावर तिने काहीच केलं नाही, नुसती बदकं बघितली, तरी मला त्याचाच फोटो पाठव. ग्रुपवर नको, मला एकटीला पाठव. रात्री-अपरात्री ती रडली आणि तुला सुचेनासं झालं तर फोन कर. तुमची रात्र असते तेव्हा माझा दिवस असतो, मी जागीच असते.

शेजारच्यांचा मुलगा महिनाअखेरीला न्यू जर्सीला येतोय. त्याच्याबरोबर मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व पाठवते आहे. ओवीला अजून मऊ भातावर मेतकूट आवडतं ना? तेवढं लगेच कळव, म्हणजे प्रवासासाठी एक छोटी डबी वेगळी भरता येईल. आणि तुला डिंकाचे लाडू पाठवू की उन्हाळ्यात नकोत? तू म्हणशील तसं.

तुझी,
मावशी