टक्क्यांचा हिशेब

कुंभारी,
ता. १२ ऑगस्ट २०१६

चि. वसुधा,

अपंगत्वाच्या अपिलांचे काम युनियनने तुझ्यावर सोपविल्याचे कळले. वकिलीची सनद नसता न्यायासनापुढे उभे राहण्याचा आपणास अधिकार कोणता, या तुझ्या शंकेचे निरसन १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या ७९ व्या कलमानेच केले आहे. अर्जदाराने लेखी अधिकार दिला, म्हणजे नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यास विमा न्यायालयात त्याच्या वतीने काम चालविता येते. अपंगत्वाचे टक्के ठरविणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा निर्णय अशिलास कोणत्या तारखेस मिळाला, हे मात्र पहिल्याच भेटीत टिपून घे. अपिलाची तीन महिन्यांची मुदत तेथून चालू होते, आणि आपली माणसे असली सरकारी पाकिटे न फोडताच ट्रंकेत ठेवून देतात.

याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गमावलेल्या अंगठ्यास ३० टक्के, एका हाताच्या चार बोटांस ५०, संपूर्ण तर्जनीस १४ असे दर बांधलेले आहेत. तुटलेल्या बोटाचा दावा त्यामुळे सोपा. खरी कसोटी लागते ती आखडलेल्या बोटांच्या दाव्यात, कारण तेथे हातावर बोटे पाचच्या पाच दिसतात आणि कोष्टक मुके होते. अशा वेळी ध्यानात ठेव, की कायद्याचा प्रश्न शरीर किती उणे झाले हा नसून कमाईची शक्ती किती उणी झाली हा आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखालील प्रतापनारायण सिंग देव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात हेच तत्त्व लावले. त्या खटल्यातील डावा हात कोपरावर कापला गेलेला कामगार सुतार होता, आणि सुतारकी एका हाताने होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण धरले गेले.

म्हणून कागद वाचण्यापूर्वी काम पाहा. यंत्रमागावर तुटलेला धागा सांधण्यास अंगठा व तर्जनी यांची चिमूट लागते, हे डॉक्टरांस ठाऊक असण्याचे कारण नाही. ते तू सांगावयाचे. अशील स्वतः सांगेल या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. आमच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील कित्येक घरांत तेलुगू बोलतात, आणि मंडळापुढे उभा राहिलेला मनुष्य परक्या भाषेत, अदबीने, ‘बरं हाय सायेब’ एवढेच म्हणून मोकळा होतो. ती अदब त्याला जन्मभर महाग पडते. त्याच्या घरी जा, विड्या वळीत बसलेल्या त्याच्या बायकोस विचार. सदऱ्याची गुंडी कोण लावतो, भाकरी कोणत्या हाताने मोडतो, हे ती बिनचूक सांगेल. परंतु अतिशयोक्ती करू देऊ नकोस. एक खोटे आखडलेले बोट उघडकीस आले, की पुढच्या दहा खऱ्या बोटांवर संशय येतो. आणि अश्रूंसाठी परिशिष्टात रकाना नाही.

आणखी एक गोष्ट, जी नवखे प्रतिनिधी हटकून विसरतात. टक्के वाढवून मिळाले तरी भरपाईचा रोजचा दर निघतो तो मालकाने दप्तरी दाखविलेल्या मजुरीवरून. ती कमी दाखविली असेल, तर जिंकलेल्या अपिलाचेही पैसे तुटपुंजेच हाती येतील. यास्तव मजुरीच्या चिठ्ठ्या व हजेरीपटाच्या नकला अपील दाखल करण्याआधीच मागवून घे.

तुझा,
मामा