चार पट्ट्यांची अळी, पाच पट्ट्यांची अळी



आपल्या बुटीबोरी भागातल्या एका सभासदाने सहा महिन्यांच्या उसावर दोनदा औषध फवारले. विचारले तर म्हणाले, "साहेब, खोडकीड लागली ना!" कांडी चिरून पाहिली, अळीच्या पाठीवर चारच पट्टे. म्हणजे ती खोडकीड नव्हे, कांडी कीड. अळी बसली कांडीच्या आत अन्‌ औषध वर पानावर. औषधाचा पैसा आणि मजुरी दोन्ही वाया गेले.

त्या भाऊंना बोल लावण्यात अर्थ नाही. या पतंगांनी जाणत्या शास्त्रज्ञांनाही चकविले आहे.

दोन्ही किडींचे पतंग लहान, वाळल्या गवताच्या रंगाचे, रात्री उडणारे. पूर्वी आपल्या देशात कांडी किडीला 'डायट्रिया व्हेनोसाटा' म्हणत आणि खोडकिडीला 'आर्जिरिया स्टिक्टिक्रॅस्पिस'. सन 1950 मध्ये ए. पी. कपूर या भारतीय कीटकशास्त्रज्ञांनी लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात हा घोळ निस्तरला. अशा कामी नुसते पंख पाहून भागत नाही. पतंगाच्या पोटाचे टोक कापून दाहक पोटॅशमध्ये शिजवतात, केस-खवले साफ करतात आणि आतले जननेंद्रियाचे कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ते भाग जातीजातीत वेगळे असतात. कुलूप-किल्लीसारखेच म्हणा.

त्यातून असे ठरले की, आपली खोडकीड म्हणजे स्नेलेन यांनी 1890 साली जावा बेटावरून वर्णन केलेली 'कायलो इन्फस्काटेलस'च होय. कांडी किडीला मात्र स्वतःचे बरोबर नावच नव्हते. कपूर यांनी ती नवी जात म्हणून नोंदवली व 'इंडिकस' असे नाव दिले. 'नवी जात सापडली' म्हटले की कीड काल-परवा उपजली असे वाटते. तसे नाही. ती आपला ऊस आधीपासूनच खात होती, तिचा दाखला तेवढा 1950 साली निघाला!

पुढे 1970 साली ब्लेझिन्स्की यांनी जगभरच्या या पतंगांची फेरतपासणी केली, तेव्हा आपल्या कांडी किडीचे भाऊबंद आफ्रिकेजवळच्या मॉरिशस बेटावर निघाले. तिथल्या पतंगाचे वर्णन बोजर यांनी 1856 सालीच केले होते. नाव 'सॅकॅरिफॅगस', म्हणजे साखर खाणारा. त्या काळात कोकणातून गेलेले मराठी मजूर त्याच बेटावर उसाच्या मळ्यांत राबत होते. ही कीड तिथे बाहेरून आणलेल्या बेण्यातून पोचली. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर, मोझांबिकमध्ये, ती 1999 साली आढळली. म्हणून परगावचे बेणे कांडी न तपासता घेऊ नये, हे आम्ही वारंवार सांगतो.

आता वावरातली ओळख. खोडकिडीच्या अळीवर जांभळट पाच पट्टे. ती कोवळ्या उसात, साधारण चार महिन्यांपर्यंत येते. पोंगा वाळतो, ओढला की सहज निघतो आणि त्याला घाण वास येतो. माती भर दिली की तिचा जोर कमी होतो. कांडी किडीवर पट्टे चार. ती कांड्या धरल्यावर येते आणि तोडणीपर्यंत मुक्काम ठोकते. पेऱ्याजवळ भोक आणि ओली विष्ठा दिसते, कांड्या आखूड राहतात.

कांडी किडीला फवारणीपेक्षा ट्रायकोकार्ड बरे. त्यातली ट्रायकोग्रामा नावाची बारीक गांधीलमाशी किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते, अळी जन्मतच नाही. चौथ्या महिन्यापासून पंधरा-पंधरा दिवसांनी सहा वेळा, दर वेळी हेक्टरी 50,000 माश्या सुटतील इतकी कार्डे लावावीत. कार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूस टाचावे. त्यानंतर निदान आठवडाभर कीटकनाशक मारू नये, नाहीतर आपणच आपले राखणदार मारतो. पाचव्या व सातव्या महिन्यात खालचे पाचट काढावे.

पट्टे मोजता आले नाहीत तर अळी काचेच्या बाटलीत, उसाच्या ताज्या तुकड्यासह गट कार्यालयात आणावी. झाकणाला मोठे भोक पाडू नये, अळी वाटेतच पसार होते.