अभ्यासपाठ : धान्य मिळाले, शेत गेले

शास्त्रभाग : उत्पत्ती ४७:१३-२६, लेवीय २५:८-१७



राणीसावरगावजवळच्या पारधी वस्तीवर रविवारी संध्याकाळी आम्ही शास्त्रवाचनाला बसतो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी योसेफाची गोष्ट सांगत होते. सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ, भरलेली कोठारे आणि वाचलेले लोक. ही गोष्ट मी कित्येक वर्षे अशीच सांगत आले आणि ४१ व्या अध्यायापाशीच थांबत आले. त्या दिवशी एका बहिणीने विचारले, "ताई, त्यानं धान्य फुकट वाटलं का इकत दिलं?"

म्हणून आम्ही ४७ वा अध्याय उघडला. आधी लोकांचा पैसा संपला. मग त्यांनी गुरेढोरे दिली. पुढच्या वर्षी ते म्हणाले, आता आमचे शरीर आणि जमीन एवढेच उरले आहे. ते घ्या, पण खायला धान्य द्या आणि पेरायला बी द्या. सगळी जमीन फारोची झाली आणि दर पिकाचा पाचवा हिस्सा त्याला द्यायचा, असा कायदा ठरला.

"मग जमीन माघारी मिळाली का त्यांची?"

मी म्हणाले, "नाही."

ती गप्प बसली. दोनच दिवसांपूर्वी तिच्या घरी ऊसतोडीची उचल आली होती.

१. माणूस काय काय विकतो

पैसा, जनावर, जमीन, शरीर. हा क्रम आपल्या गंगाखेड तालुक्याला नवा नाही. आधी शेळ्या जातात, मग बैल, मग जमीन गहाण पडते. शेवटी नवराबायको मिळून एक कोयता होतात आणि मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागतात. उचल म्हणजे अजून न केलेल्या कष्टांचे आधीच खाल्लेले धान्य. पारध्यांकडे तर विकायला जमीनही नव्हती. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यात पारधीही आले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण संशय राहिला आणि सातबाऱ्यावर नाव लागले नाही. ही बहीण दोन एकर गायरान कसते. तेही तिच्या नावावर नाही.

२. रेशन हा हक्क आहे

येथे गैरसमज नको. योसेफाची कोठारे नसती तर लोक मेलेच असते. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन आपले वाडवडील जगले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबालाही जिथे असेल तिथल्या रेशन दुकानातून ते घेता येते. ही भीक नव्हे. कार्ड नसेल, नाव कापले गेले असेल किंवा अंगठा जुळत नसेल, तर तहसीलच्या पुरवठा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

३. पण बी कोणाच्या हातात?

त्याच बहिणीचे बोल सांगते : "रेशनच्या तांदळानं पोट भरतं, ताई. पर मिरगात तो पेरता येत नाही."

१९९६ साली रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली, तेव्हा 'ला व्हिया कांपेसिना' या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने हीच गोष्ट 'अन्न सार्वभौमत्व' या नावाने मांडली. पोटात अन्न जाणे पुरेसे नाही. काय पेरावे, काय खावे आणि बी कोणाकडे राहावे, हे ठरवण्याचा अधिकारही लोकांकडे हवा. आपल्या शिवारात ज्वारी मागे पडून सोयाबीन आले. सोयाबीन घरात भाकरीला चालत नाही, ते विकावेच लागते. त्याचा भाव ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकावर आणि परदेशातून येणाऱ्या तेलावर हलतो. भाव पडला की विकायलाही तोटा आणि डब्यातही काही नाही.

वाट दाखवणारी माणसे आपल्याच राज्यात आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातील शेतकरी भगिनीने गावरान बियाणे जपून बीजबँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून आलेल्या 'परभणी शक्ती' ज्वारीत लोह आणि जस्त अधिक आहे. हे वाण संकरित नाही, म्हणून त्याचे बी घरचे ठेवता येते.

४. याजकांची जमीन

२२ वे वचन मला बोचते. सगळ्यांची जमीन गेली, याजकांची तेवढी राहिली. त्यांना फारोकडून शिधा मिळत होता. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही वस्तीवर धान्याच्या पिशव्या वाटल्या, फोटो काढले. ती मदत गरजेची होती. पण पुढे गायरानाच्या कागदांसाठी तिच्याबरोबर तहसीलला जायला मी दोन वर्षे लावली. वाटणाऱ्याची जागा सुखाची असते. शेजारी उभे राहण्यात वेळ जातो आणि कोणी आभार मानत नाही.

मिसरात गुलामी भोगलेल्या लोकांना देवाने पुढे योबेल वर्षाचा नियम दिला : पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, कारण ती शेवटी देवाची आहे. त्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर ४७ व्या अध्यायात नाही, लेवीयमध्ये आहे.

ती गेल्या वर्षी ऊसतोडीला गेलीच. उचल घेतलेली होती. पण जाण्याआधी ज्वारी, तूर आणि मूग यांचे बी राख लावून तिने प्रार्थनाघरातल्या पत्र्याच्या कोठीत ठेवले. आणखी चार घरांनीही ठेवले. पाडव्यानंतर ती परतली तेव्हा बी जसेच्या तसे होते. मृगाला ते विकत घ्यावे लागले नाही. उचल अजून पूर्ण फिटलेली नाही आणि गायरानाचा अर्ज तहसीलमध्ये आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत कोणाचे रेशन बंद आहे? त्याच्याबरोबर तहसीलला कोण जाईल?
२. आपल्या घरात गावरान बी कोणते उरले आहे?
३. आपले सेवाकार्य लोकांना उभे करते, की रांगेत उभे करते?

प्रार्थना : हे प्रभू, भुकेल्याला भाकर दे आणि पेरणाऱ्याच्या हाती बी राहू दे. आम्हाला वाटून मोकळे होऊ देऊ नकोस. आमेन.