‘डिस्क्रिशन’ : मर्जी नव्हे, विवेक

शासनव्यवहारातील काही इंग्रजी शब्दांचा मराठी पर्याय कोशात सापडतो. परंतु त्यांचा आशय मात्र पुष्कळदा निसटून जातो. ‘डिस्क्रिशन’ हा त्यांपैकीच एक होय. ‘हे साहेबांच्या डिस्क्रिशनवर आहे,’ असे कचेरीत सहज म्हटले जाते आणि समोरचा अर्जदार त्याचा अर्थ ‘साहेबांची मर्जी’ असा घेतो. घोटाळा होतो तो येथेच.

हा शब्द मूळचा लॅटिन. वेगळे करणे, भेद ओळखणे हा त्याचा धात्वर्थ. संस्कृतातील ‘विवेक’ हा शब्दही वेगळे करणे या अर्थाच्या ‘विच्’ धातूपासून सिद्ध झालेला आहे. म्हणजे पारख केल्यावाचून निवड नाही, हे दोन्ही शब्दांच्या मुळाशीच आहे. मराठीत यासाठी स्वेच्छाधिकार, स्वेच्छानिर्णय, स्वविवेक व तारतम्य असे शब्द योजले जातात. त्यांपैकी पहिल्या दोहोंत ‘इच्छा’ डोकावते. म्हणून ते वापरताना विशेष सावधगिरी हवी.

कायद्यात ‘करील’ असे असते तेथे सामान्यतः कर्तव्य सांगितलेले असते. ‘करता येईल’ असे असते तेथे बहुधा स्वविवेकास वाव असतो. परंतु हा वाव अमर्याद नसतो. इंग्लंडमध्ये 1598 साली रूक खटल्यात हाच प्रश्न उपस्थित झाला होता. थेम्स नदीचा बांध दुरुस्त करण्याचा खर्च आयुक्तांनी एकाच जमीनधारकावर बसविला. वस्तुतः त्या बांधाचा लाभ इतरांच्या जमिनींनाही होत होता. कायद्याने आपणांस स्वविवेकाचा अधिकार दिला आहे, हा आयुक्तांचा बचाव न्यायालयाने मानला नाही. हा अधिकार बुद्धी व कायदा यांच्या मर्यादेतच वापरला पाहिजे, असे ठरले आणि खर्च सर्व लाभधारकांवर वाटण्याचे तत्त्व मान्य झाले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1967 साली जयसिंघानी खटल्यात, कायद्याच्या राज्यात स्वविवेकाला स्पष्ट मर्यादा असल्याच पाहिजेत, असे प्रतिपादन केले. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये तर प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे.

समजा, एका कामासाठी दोन अर्ज आले आणि निधी एकालाच पुरेल इतका आहे. निवड करावीच लागेल. कोणाची गरज अधिक, नियमाचा हेतू काय, पूर्वी अशाच प्रकरणी काय केले, हे पाहून व टिपणीत नोंदवून केलेली निवड म्हणजे स्वविवेक. ओळखीमुळे केलेली निवड ही केवळ मर्जी, मग तिच्याखाली कितीही मोठी स्वाक्षरी असो.

ज्याचा अर्ज नामंजूर होतो, त्यालाही ‘का’ हे कळले पाहिजे. ते कारण निःसंकोचपणे लिहिता येत असेल, तर शब्दाचा अर्थ आपणांस उमगला असे समजावे.