विद्यार्थी आणि उत्तर देणारे यंत्र

पांढुर्णा व सौंसर या भागांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अडचण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा मुलूख मध्यप्रदेशातच राहिला. परिणामी घरात मराठी, वर्गात बहुधा हिंदी आणि वरच्या अभ्यासाचे ग्रंथ पुष्कळसे इंग्रजी, अशी तिहेरी ओढाताण आमच्या मुलांच्या वाट्याला आली. घरी समजावून सांगणारे कोणी असतेच असे नाही.

अशा विद्यार्थ्याच्या हाती आता चॅटबॉट आला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि त्यामागून तशीच इतर यंत्रेही आली. रात्री अकरा वाजता तीच शंका दहा वेळा विचारली तरी ते कंटाळत नाही, हसत नाही. ही सोय लहान नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे.

परंतु हे यंत्र उत्तर देते कसे? 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर...' एवढे म्हटले की आपल्याकडचे लहान मूलही 'गोटमार' हा शब्द पुरा करील. यंत्राचे कामही मुळात असेच चालते. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते. त्यामुळे जेथे वाचन भरपूर, तेथे उत्तर बहुधा बरोबर येते. जेथे वाचन थोडे, तेथेही वाक्य तितकेच सफाईदार येते, पण मजकूर खोटा असू शकतो. गोटमारीच्या उगमाच्या एकाहून अधिक कथा आपल्याकडे सांगतात. यंत्राने त्यांतील एकच कथा इतिहास म्हणून ठासून सांगितली, तर आपण लगेच ओळखू. पण ज्या विषयाची आपल्याला माहिती नाही, तेथे कसे ओळखणार? २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. जाणत्यांची ही गत, मग शिकाऱ्याने किती जपावे!

म्हणून वापराची रीत ठरविली पाहिजे. अर्थशास्त्रातील 'मागणीची लवचिकता' घेऊ. हिंदी पुस्तकात हिलाच 'माँग की लोच' म्हणतात. संत्र्याचा भाव किलोला ४० रुपयांवरून ३० वर आला आणि खप १०० पेट्यांवरून १५० वर गेला, असे समजा. भाव २५ टक्के उतरला, खप ५० टक्के वाढला. पन्नासाला पंचवीसने भागून लवचिकता २ आली. हे गणित विद्यार्थ्याने प्रथम स्वतः कागदावर करावे. मग यंत्राला म्हणावे, 'माझी चूक दाखव. उत्तर सांगू नकोस, मलाच आणखी दोन प्रश्न विचार.' शेवटी पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावे आणि शंका उरलीच तर प्राध्यापकांना विचारावी.

याच्या उलट, निबंध किंवा प्रकल्प यंत्राकडून लिहवून घेणे म्हणजे दुसऱ्याला जेवावयास बसवून आपले पोट भरल्याचे मानणे होय. परीक्षेच्या दालनात पेन आपल्यालाच चालवावे लागते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत वा बागेच्या हिशेबातही डोके आपलेच लागते.

पालकांनी हे यंत्र मुलांच्या हातून हिसकावून घेऊ नये. 'आज त्याला काय विचारलेस, आणि त्यातले काय पडताळून पाहिलेस?' एवढे मात्र रोज विचारावे. शहरातील मुलाला घरी शिकवणी मिळते. आमच्या खेड्यांतील मुलीला ती आता कोठे या मार्गाने मिळू लागली आहे. ती शिकवणीच राहावी, नक्कल होऊ नये, एवढीच आमची कळकळ आहे.