विहिरीवरील तीन तारा

आमच्या पुष्कळ वाचकांच्या विहिरीवर विजेचा पंप आहे. स्टार्टरची कळ दाबली कीं पाणी येतें, ह्यापलीकडे त्या यंत्राचा विचार करण्याची गरज सहसा पडत नाहीं. परंतु ऐन उन्हाळ्यांत, ऊस पाण्याला आला असतां, मोटर जळाली म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाहून वाळत्या पिकाची काळजी मोठी होते. असे प्रसंग बऱ्याच अंशीं टाळतां येतात. त्यासाठीं मोटरीस तीन तारा कां लागतात, हें समजून घेतलें पाहिजे.

४ सप्टेंबर १८८२ रोजीं एडिसन ह्यानें न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीट येथें वीजघर चालू केलें. तेथील प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा व सुमारें ११० व्होल्ट दाबाचा होता. दिव्यांस तो उत्तम. पण मैलभराच्या पलीकडे नेणें परवडत नसे. पाटाचें पाणी दूर नेतांना वाटेंत मुरतें, तशी वीज तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाते. प्रवाह दुप्पट झाला तर ही नासाडी चौपट होते. उलट, दाब दसपट वाढविला तर तेंच काम एकदशांश प्रवाहांत होतें व त्याच तारेंतील नासाडी शंभरावा हिस्सा उरते. मात्र एकाच दिशेच्या प्रवाहाचा दाब बदलण्याची सोपी युक्ति त्या काळीं नव्हती. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहास ती साधली. १८८६ सालीं अमेरिकेंतील ग्रेट बॅरिंग्टन येथें विल्यम स्टॅन्ले ह्यानें ट्रान्सफॉर्मरनें दाब बदलून दुकानांत दिवे लाविले.

राहिला प्रश्न मोटरीचा. इटलींत फेरारिस व अमेरिकेंत टेस्ला ह्यांनीं १८८८ च्या सुमारास तो स्वतंत्रपणें सोडविला. पुढें १८८९ सालीं जर्मनींत दोब्रोव्होल्स्की ह्यानें तीन फेजांची मोटर सिद्ध केली. तिच्यांत तीन प्रवाह एकामागून एक चढतात व उतरतात. त्यामुळें स्थिर वेटोळ्यांत चुंबकाचें बळ गोल फिरूं लागतें व मधला भाग त्यामागें ओढला जातो. फिरत्या भागास तार जोडावी लागत नाहीं. म्हणूनच अशी मोटर आज विहिरींत बुडवूनही चालवितां येते.

१८९१ सालीं लाउफेन येथें नदीच्या पाण्यावर काढलेली वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत आणिली गेली. तिच्यावर सुमारें हजार दिवे लागले, आणि एका मोटरीनें पाणी उपसून कृत्रिम धबधबा चालविला. दूरवरून आलेल्या विजेकडून प्रथमच घेतलेल्या कामांत पाणी उपसणें होतें, हें शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९१५ सालीं खोपोलीची जलवीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली, ती ह्याच मार्गानें. आज शिवारांत ११,००० व्होल्टांची लाईन येते, डीपीवरील ट्रान्सफॉर्मर तो दाब सुमारें ४०० व्होल्टांवर उतरवितो, व तीन फेज विहिरीवर जातात.

ह्यावरून व्यवहाराचे नियम निघतात. पहिला : एक फेज गेला तर फिरणारें बळ मोडतें. थांबलेली मोटर नुसती घुमते. चालू असलेली चालत राहते, पण उरलेल्या तारांतून जादा प्रवाह ओढून जळते. म्हणून फेज गेल्यास मोटर बंद करणारें साधन बसवावें, आणि घुमणाऱ्या मोटरीची कळ पुनःपुन्हा दाबूं नये. दुसरा : दाब ८० टक्के राहिला तर मोटरीचा जोर सुमारें ६४ टक्केच उरतो. वीज येतांच साऱ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर दाब सर्वांचाच पडतो. शेजाऱ्यांनीं आळीपाळीनें सुरू कराव्या. तिसरा : दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. दुरुस्तीनंतर पाणी कमी वाटल्यास प्रथम हें तपासवून घ्यावें. चौथा : फ्यूजच्या जागीं जाड तार घालूं नये, अर्थिंग ओलें राखावें, व डीपीवर स्वतः कधींही चढूं नये. मोटर पुन्हा भरून मिळते, माणूस मिळत नाहीं.