सागरतळी सात दिवस

प्रस्तावना

सुट्टी म्हटली, की थंड हवेचे ठिकाण, तीर्थक्षेत्र, आजोळ किंवा समुद्रकिनारा डोळ्यांसमोर येतो. समुद्रकिनारी गेलेला माणूस लाटा पाहतो, पाय भिजवतो आणि सूर्यास्तानंतर परत फिरतो. लाटांच्या खाली काय आहे, हे त्याला सहसा दिसत नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरील टाकीतून हवी तेवढीच हवा पुरवणारे साधन तयार केले आणि सामान्य माणसालाही समुद्रतळाचे दार उघडले. अशा साधनाच्या आधारे पाण्याखाली वावरण्यास 'स्कूबा डायव्हिंग' म्हणतात.

प्रस्तुत पाठात कॅरिबियन समुद्रातील बोनेर या बेटावर पाणबुडे आठवडाभराची सुट्टी कशी घालवतात, याचे वर्णन आहे. पाठ वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा. पाहुणा म्हणून आलेल्या माणसावर, तो जे पाहायला आला त्याची काही जबाबदारी असते का?

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• पाण्याखाली श्वास घेण्यामागील शास्त्रीय तत्त्व सांगू शकाल;
• प्रवाळभित्ती म्हणजे काय आणि तिला कोणते धोके आहेत, हे स्पष्ट करू शकाल;
• पर्यटन आणि निसर्गरक्षण यांच्या संबंधाविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. बेटाची ओळख

व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर बोनेर हे लहानसे बेट आहे. पाऊस कमी असल्यामुळे बेटावर निवडुंगांची आणि काटेरी झुडपांची वाढ दिसते. १० ऑक्टोबर २०१० पासून हे बेट नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. डच ही तेथील राज्यकारभाराची भाषा असली, तरी घराघरांत पापियामेंतू ही भाषा बोलली जाते. येणाऱ्याचे स्वागत 'बोन बिनी' या शब्दांनी होते. क्रालेंडाइक या राजधानीच्या नावाचा अर्थच मुळी 'प्रवाळांचा बांध' असा आहे.

बेटावर वारे बहुतांश पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळत असतात, तर पश्चिमेचा किनारा शांत असतो. या शांत किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर प्रवाळभित्ती सुरू होते. इतर अनेक ठिकाणी पाणबुड्यांना बोटीने दूर जावे लागते. येथे मात्र ते टाक्या गाडीत टाकून किनारी रस्त्याने निघतात. रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेले दगड ठेवलेले असतात आणि त्यांवर बुडी घेण्याच्या जागेचे नाव लिहिलेले असते. दगडापाशी गाडी थांबवायची, साधने अंगावर चढवायची आणि चालत पाण्यात शिरायचे, असा हा क्रम असतो.

२. पहिला धडा

शनिवारी बेटावर उतरलेल्या पाहुण्याला लगेच हवे तेथे बुडी मारता येत नाही. आधी सागरी उद्यानाचे शुल्क भरावे लागते, नियम ऐकावे लागतात आणि मग एक चाचणी बुडी घ्यावी लागते. पाण्यात आपला तोल सांभाळता येतो की नाही, हे त्या बुडीत पाहिले जाते. अनुभवी पाणबुड्यालाही यातून सूट नसते.

अनेकांची समजूत असते, की पाणबुड्याच्या टाकीत प्राणवायू भरलेला असतो. प्रत्यक्षात तीत सहसा आपल्या भोवतालचीच हवा दाबून भरलेली असते. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर तो एक पट असेल, तर १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो. दाब वाढला की हवा आकसते आणि दाब घटला की ती पसरते. म्हणूनच श्वास रोखून वर येणे जीवघेणे ठरू शकते, कारण फुप्फुसात कोंडलेली हवा पसरून फुप्फुसाला इजा करते. श्वास कधीही रोखू नये, हा पाणबुड्याचा पहिला नियम आहे.

दुसरा नियम सावकाश वर येण्याचा आहे. खोल पाण्यात हवेतील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींत विरघळतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडल्यावर जसे बुडबुडे उसळतात, तसेच घाईने वर येणाऱ्याच्या शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे तयार होऊ शकतात. ते टाळण्यासाठी पाणबुडे हळूहळू वर येतात आणि ५ मीटर खोलीवर साधारण तीन मिनिटे थांबतात.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून तेथे हातांची भाषा चालते. अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ 'उत्तम' असा नसून 'वर चला' असा होतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे 'सर्व ठीक'. कोणीही एकट्याने उतरायचे नाही, जोडीदाराच्या हवेवरही आपल्याइतकेच लक्ष ठेवायचे, ही तेथील शिस्त आहे.

३. पाण्याखालील गाव

सोमवारपासून खऱ्या अर्थाने भटकंती सुरू होते. बेटाच्या उत्तर भागात 'हजार पायऱ्या' नावाची एक जागा आहे. प्रत्यक्षात तेथे सत्तरही पायऱ्या नाहीत. पण भरलेली टाकी पाठीवर घेऊन त्या चढणाऱ्याला ते नाव खोटे वाटत नाही.

पाण्यात शिरल्यावर प्रथम रंग बदलतात. तांबडा रंग सर्वांत आधी नाहीसा होतो आणि लाल मासा करडा दिसू लागतो. विजेरीचा झोत टाकताच त्याचा मूळ रंग पुन्हा उजळतो. उतारावर प्रवाळांची वस्ती पसरलेली असते. कोणी सांबरशिंगांसारखे फांद्यांचे, कोणी मेंदूसारख्या वळ्यांचे, तर कोणी एकावर एक रचलेल्या ताटांसारखे दिसतात. पाहणाऱ्याला ते दगड किंवा झाडे वाटतात. परंतु प्रवाळ हे प्राणी आहेत. अतिशय लहान असे असंख्य जीव एकत्र राहून चुन्याची घरे बांधतात आणि त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या घरांतून प्रवाळभित्ती उभी राहते. अनेक प्रवाळांची वाढ वर्षाला काही मिलिमीटर एवढीच असते. पाणबुड्याच्या पायाचा एक धक्का कित्येक वर्षांचे बांधकाम क्षणात मोडू शकतो.

बुधवारी बोटीने क्लाइन बोनेर या समोरच्या निर्जन बेटाकडे जाता येते. तेथील वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. हे बेट पूर्वी खासगी मालकीचे होते. १९९९ साली ते विकत घेऊन सार्वजनिक करण्यात आले आणि त्यावर बांधकाम होण्याचा धोका टळला.

गुरुवारी अनेकजण 'हिल्मा हूकर' हे बुडालेले मालवाहू जहाज पाहतात. १९८४ साली बोनेरला आलेल्या या जहाजात लपवलेला गांजाचा मोठा साठा सापडला. मालक पुढे आला नाही. जहाजात पाणी शिरत होते आणि १२ सप्टेंबर १९८४ रोजी ते बुडाले. आज ते सुमारे ३० मीटर खोलीवर वाळूत आडवे पडले असून त्यावर स्पंज आणि प्रवाळ वाढले आहेत. रात्रीच्या बुडीत वेगळेच दृश्य दिसते. दिवसा मिटून बसलेले प्रवाळजीव आपले चिमुकले बाहू पसरून अन्न टिपतात आणि ऑक्टोपस शिकारीला बाहेर पडतो.

४. नियमांमागचा इतिहास

ही समृद्धी आपोआप टिकली नाही. १९६२ साली डॉन स्टुअर्ट नावाचे अमेरिकन दर्यावर्दी आपल्या शिडाच्या जहाजातून बोनेरला आले आणि तेथेच राहिले. पुढे ते 'कॅप्टन डॉन' म्हणून ओळखले गेले. त्यांनी बेटावर पाणबुड्यांसाठी व्यवसाय उभा केला. परंतु भाल्याने होणारी माशांची शिकार आणि बोटींच्या नांगरांनी मोडणारे प्रवाळ पाहून त्यांनी या दोन्हींविरुद्ध आवाज उठवला. १९७१ साली भाल्याने मासेमारी करण्यास आणि १९७५ साली प्रवाळ तोडण्यास बंदी झाली. १९७९ साली बेटाभोवतालचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून राखला गेला. बोटींनी नांगर न टाकता कायम बसवलेल्या तरंडांना दोर बांधावा, अशी व्यवस्था करण्यात आली.

मात्र कायदा झाला, तरी तो राबवायला पैसा लागतो. निधी संपल्यामुळे १९८० च्या दशकाच्या मध्यात हे उद्यान जवळजवळ कागदावरच उरले. १९९१ साली त्याचे काम पुन्हा सुरू झाले आणि १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर शुल्क घेतले जाऊ लागले. त्यातून देखरेखीचा खर्च भागू लागला. शुल्काची रक्कम पुढे वाढली. पण समुद्र पाहणाऱ्याने त्याच्या रक्षणाचा वाटा उचलावा, हे तत्त्व कायम राहिले. बोनेरमध्ये पाणबुड्यांना हातमोजे घालण्यासही मनाई आहे. हात उघडा असला, की माणूस काहीही धरण्यापूर्वी विचार करतो.

५. नियमांपलीकडचे संकट

नियम पाळूनही सर्व धोके टळत नाहीत. १९८३-८४ मध्ये एका रोगाने संपूर्ण कॅरिबियनमधील लांब काट्यांचे काळे समुद्री साळू मोठ्या प्रमाणात मेले. ते शैवल खात असत. ते गेल्यावर प्रवाळांवर शैवल माजले. २००९ साली हिंदी-प्रशांत महासागरातील लायनफिश हा परका मासा बोनेरच्या पाण्यात दिसला. तो स्थानिक माशांची पिले फस्त करतो. तेव्हा जेथे भाल्याला बंदी होती, तेथेच प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या हाती खास साधन देऊन या माशाला मारण्याची मुभा द्यावी लागली. २०२३ च्या मार्च महिन्यात प्रवाळांच्या ऊती झपाट्याने नष्ट करणारा एक रोग बोनेरला आढळला. त्याच वर्षी पाणी तापल्यामुळे अनेक प्रवाळ पांढरे पडले. पाणी फार तापले, की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवलांना बाहेर टाकतात आणि उपाशी राहतात.

रोग एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊ नये, म्हणून पाणबुड्यांना आपली साधने निर्जंतुक करण्यास सांगण्यात आले. २०१२ पासून तेथील काही लोक पाण्यात उभारलेल्या कृत्रिम झाडांवर प्रवाळांचे तुकडे वाढवून ते पुन्हा भित्तीवर लावत आहेत. ज्याला शिकण्याची इच्छा आहे, असा पाहुणाही या कामात हात लावू शकतो. समुद्राचे तापमान मात्र एकट्या बेटाला आवरता येत नाही.

६. निरोप

शुक्रवारी बुडी घेता येत नाही. अनेक दिवस बुड्या घेतल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जावे लागतात, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेला नायट्रोजन घातक ठरू शकतो. मग पाहुणे दक्षिणेकडची मिठागरे पाहायला जातात. गुलाबी पाण्यात रोहित पक्षी चरत असतात. जवळच, माणसाला वाकूनच आत शिरावे लागेल अशा, दगडी झोपड्यांच्या रांगा आहेत. त्या १८५० च्या सुमारास मिठागरावर राबणाऱ्या गुलामांसाठी बांधल्या होत्या. डच वसाहतींतील गुलामगिरी १८६३ साली संपली, झोपड्या मात्र उभ्या आहेत. ज्या समुद्राच्या काठी आज लोक आनंदासाठी येतात, त्याच काठी कोणीतरी सक्तीने मीठ वाहिले होते, हे त्या सांगतात.

शनिवारी विमान उडते. खिडकीतून किनाऱ्यालगतची फिकट निळी पट्टी आणि त्यापलीकडचे गडद पाणी दिसते. आठवड्यापूर्वी पाहुण्याला ते केवळ दोन रंग वाटले होते. आता त्या दोन रंगांच्या सीमेवर कोण राहते, हे त्याला ठाऊक असते.

शब्दार्थ

पाणबुड्या – पाण्यात बुडी मारून काम किंवा विहार करणारा
प्रवाळभित्ती – प्रवाळांच्या चुनखडी घरांपासून बनलेली समुद्रातील भिंत
ऊती – एकसारख्या पेशींचा समूह
तरंड – पाण्यावर तरंगणारी, तळाशी बांधलेली खूण
रोहित – फ्लेमिंगो पक्षी

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) समुद्रात ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या .......... पट असतो.
(आ) बोनेरचे सागरी उद्यान .......... साली स्थापन झाले.
२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) प्रवाळ ही एक वनस्पती आहे.
(आ) पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे 'वर चला' असे सांगणे.

पाठान्त प्रश्न

१. पाणबुड्याने श्वास का रोखू नये, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'कायदा झाला, तरी तो राबवायला पैसा लागतो.' या विधानाचे बोनेरच्या उदाहरणाने स्पष्टीकरण करा.
३. भाल्याला बंदी असलेल्या ठिकाणी लायनफिश मारण्याची मुभा देणे योग्य वाटते का? सकारण लिहा.
४. उपक्रम : लक्षद्वीप, अंदमान, कच्छचे आखात, मन्नारचे आखात आणि मालवणचा समुद्र येथे प्रवाळ आढळतात. यांपैकी एका ठिकाणाची माहिती मिळवा आणि तेथे येणाऱ्या पर्यटकांसाठी पाच नियम तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) चार (आ) १९७९
२. (अ) चूक (आ) बरोबर